घबराहट मनाची की शरीराची? रक्ततपासणी काय सांगते आणि काय सांगत नाही

कुर्ल्यात कुठल्याही दवाखान्याच्या बाकड्यावर अर्धा तास बसून पाहा. ताप, खोकला, गुडघेदुखी यांच्या जोडीला एक तक्रार हमखास ऐकू येते. "डॉक्टरसाब, दिल घबराता है." कुणी म्हणतं छातीत धडधडतं, कुणी म्हणतं हातपाय थरथरतात, रात्री अचानक जाग येते आणि वाटतं की आता जीव जातो. पाईप रोडवरची शिवणकाम करणारी बाई असो, बैल बाजारातला भंगारवाला असो किंवा दहावीचा विद्यार्थी असो, शब्द साधारण हेच असतात.

यावर आपल्याकडे तीन उत्तरं तयार असतात. घरातली मोठी माणसं म्हणतात, "नजर लागली, दम करून आण." शेजारचे म्हणतात, "टेन्शन घेऊ नकोस." आणि मेडिकलवाला एक छोटी गोळी देतो, जिने त्या रात्री झोप लागते. पण या तिघांपैकी कुणीच विचारत नाही की ही घबराहट येते कुठून. मनातून की शरीरातून?

हा प्रश्न महत्त्वाचा आहे. काही माणसांची घबराहट खरोखर शरीरातल्या आजारामुळे असते आणि तो आजार साध्या रक्ततपासणीत सापडतो. काहींची घबराहट मनाच्या आजाराची असते आणि ती कुठल्याच रक्ततपासणीत दिसत नाही. पहिल्या गटातली माणसं वर्षानुवर्षं मनाचं समजून सोसत राहतात. दुसऱ्या गटातली लॅबमागून लॅब फिरत पैसे घालवतात. दोघांचंही नुकसानच होतं.

घाबरल्यावर शरीरात काय होतं?

समजा तुम्ही एलबीएस रोड ओलांडताय आणि समोरून रिक्षा सुसाट आली. क्षणात छाती धडधडते, श्वास वाढतो, तळहात घामेजतात. मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या दोन लहान ग्रंथी अ‍ॅड्रेनलिन नावाचं रसायन रक्तात सोडतात, त्याचा हा परिणाम. रिक्षा निघून गेली की सगळं शांत होतं. ही अल्लाहने दिलेली सुरक्षा व्यवस्थाच आहे.

घबराहटीच्या आजारात समोर रिक्षा नसतानाही हीच घंटा वाजते. शरीरातले काही आजारही नेमकी हीच घंटा वाजवतात. रक्तातली साखर घसरली, थायरॉईड जास्त धावू लागली, हिमोग्लोबिन खूप कमी झालं किंवा हृदयाची लय बिघडली, तरी माणसाला आतून जे जाणवतं ते जवळपास सारखंच असतं. म्हणून नुसतं लक्षण ऐकून कुणीही खात्रीने सांगू शकत नाही. तपासावं लागतं.

पहिला संशयित : थायरॉईड

गळ्याच्या पुढच्या बाजूला फुलपाखराच्या आकाराची ही ग्रंथी असते. शरीराचं इंजिन किती वेगात चालवायचं हे ती ठरवते. ती जास्त काम करू लागली की नाडी वेगात पळते, हात कापतात, भूक लागूनही वजन उतरतं, गरम सहन होत नाही, झोप उडते, स्वभाव चिडका होतो. आता हीच यादी पुन्हा वाचा. 'टेन्शनवाली बाई' म्हणून आपण जिला ओळखतो, तिचंच वर्णन वाटतं की नाही?

माझ्या माहितीतल्या एका खालांचं असंच झालं. दोन वर्षं त्यांना घरात 'असर' झाल्याचं सांगितलं जात होतं. तावीज झाले, पाणी पढून झालं. वजन दहा किलोने उतरलं तरी सगळे म्हणायचे, "फिक्र से सूख गई." शेवटी एका तरुण डॉक्टरने हात पुढे करायला सांगितले, बोटांवर एक कागद ठेवला आणि कागद थरथरताना पाहून थायरॉईडची तपासणी लिहून दिली. औषध सुरू झालं आणि काही महिन्यांत त्या पूर्वीसारख्या हसूबोलू लागल्या. घरातल्यांनी दुआ केली त्यात काही गैर नव्हतं. दुआसोबत तपासणी झाली असती तर दोन वर्षं वाचली असती, एवढंच.

गंमत म्हणजे गळ्याची गाठ आणि बाहेर आलेले डोळे यांचा संबंध बाराव्या शतकात सय्यद इस्माईल जुरजानी या हकिमांनी 'ज़ख़ीरा-ए-ख्वारज़्मशाही' या आपल्या फारसी ग्रंथात नोंदवला होता. युरोपात रॉबर्ट ग्रेव्हज यांनी तो १८३५ मध्ये मांडला आणि आज हा आजार त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

यासाठीची मुख्य तपासणी म्हणजे टीएसएच. ती वाचताना बऱ्याच जणांचा गोंधळ होतो, म्हणून शाळेतलं उदाहरण देते. टीएसएच हा मेंदूतल्या हेडमास्तरचा आवाज समजा आणि थायरॉईड हा विद्यार्थी. विद्यार्थी आळशी असेल तर हेडमास्तर ओरडतो, म्हणजे टीएसएच वाढतो. विद्यार्थी गरजेपेक्षा जास्त धावत असेल तर हेडमास्तर गप्प बसतो, म्हणजे टीएसएच खाली जातो. घबराहटीत आपल्याला मुख्यतः हा खाली गेलेला टीएसएच शोधायचा असतो. साधारण ०.४ ते ४ हा आकडा ठीक मानतात, पण प्रत्येक लॅबची स्वतःची मर्यादा रिपोर्टवर छापलेली असते, तीच पाहावी. टीएसएच बिघडलेला आला तर डॉक्टर टी-३ आणि टी-४ पाहतात.

तीन गोष्टी लक्षात ठेवा.

एक, बाळंतपणानंतरच्या पहिल्या वर्षात काही स्त्रियांची थायरॉईड आधी जास्त आणि मग कमी चालते. बाळंतिणीची घबराहट, रडू येणं, झोप न लागणं हे सगळं 'नवीन आई आहे, होतं असं' म्हणून सोडून देऊ नका.

दोन, केस गळू नयेत म्हणून घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांत बायोटिन असतं. त्याचा डोस मोठा असेल तर थायरॉईडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो आणि निरोगी माणूसही आजारी दिसू शकतो. तपासणीच्या निदान दोन दिवस आधी ती बंद ठेवा आणि लॅबमध्ये तसं सांगा.

तीन, टीएसएच नुसता ५ किंवा ६ आला म्हणजे घबराहटीचं कारण सापडलं असं नाही. असा थोडासा वाढलेला आकडा बऱ्याचदा काही आठवड्यांनी आपोआप ठीक होतो. डॉक्टर तो दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासायला सांगतात.

दुसरा संशयित : रक्ताची कमतरता

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्ताची कमतरता आढळली. म्हणजे दोघींपैकी एक. रक्त कमी असलं की शरीराला पुरेसा प्राणवायू देण्यासाठी हृदय जोरात धावतं. दोन जिने चढले की धडधड, चक्कर, दम. आणि मग मनात शंका येते, "मला हार्टचं काही तर नाही ना?"

आपल्या समाजात एक समज पक्का आहे की आम्ही गोश्त खातो, आमच्यात रक्त कमी कसं असेल? पण ताटात बोटी कुणाच्या वाट्याला किती येते हे घराघरांत पाहायला हवं. सगळ्यांचं वाढून झाल्यावर जी शेवटी जेवते, तिच्या वाट्याला बहुतेकदा शोरबाच उरतो. त्यात पाळीचा जास्त रक्तस्राव, लागोपाठ बाळंतपणं आणि जेवणाला लागून कडक चहा. चहा अन्नातलं लोह शोषू देत नाही. जेवण आणि चहा यांत निदान एक तासाचं अंतर ठेवलं तरी फरक पडतो.

तपासणी अगदी साधी आहे, सीबीसी. गरोदर नसलेल्या स्त्रीचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली, गरोदर स्त्रीचं ११ च्या खाली आणि पुरुषाचं १३ च्या खाली असेल तर ती कमतरता. कधीकधी हिमोग्लोबिन ठीक दिसतं, पण लोहाचा साठा संपत आलेला असतो. तो फेरिटिन या तपासणीत कळतो. पुरुषात रक्त कमी निघालं तर नुसत्या लोहाच्या गोळ्या घेऊन थांबू नका. मूळव्याध, अल्सर किंवा आतड्यातून रक्त जातंय का, हे डॉक्टरांना शोधू द्या.

तिसरा संशयित : साखर

रक्तातली साखर ७० च्या खाली गेली की शरीर तीच धोक्याची घंटा वाजवतं. घाम, थरथर, धडधड, भूक, डोकं सुन्न. इन्सुलिन घेणाऱ्या किंवा ग्लिमेपिराईडसारखी साखर उतरवणारी गोळी घेणाऱ्या माणसाला घबराहट झाली, तर आधी ग्लुकोमीटर काढायचा, चर्चा नंतर. साखर कमी निघाली तर तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. माणूस बेशुद्धीकडे जात असेल तर तोंडात काही घालू नका, थेट हॉस्पिटल गाठा.

रमजानमध्ये याला फार महत्त्व येतं. असरनंतर अब्बा बेचैन आहेत, घाम आलाय, आणि घरातले म्हणतात रोजा लागलाय, इफ्तारपर्यंत ठीक होईल. असं थांबणं जीवावर बेतू शकतं. रमजान आणि मधुमेह यावरच्या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय मार्गदर्शनानुसार साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा सोडायला हवा. बोट टोचून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, असं बहुतेक उलेमा सांगतात. मनात शंका असेल तर रमजानच्या आधीच आपल्या इमामसाहेबांना विचारून घ्या आणि डॉक्टरांकडून गोळ्यांच्या वेळा बदलून घ्या.

ज्यांना मधुमेह नाही, त्यांची साखर धोकादायक पातळीवर घसरणं दुर्मिळ आहे. "मेरी शुगर लो हो जाती है" असं म्हणणाऱ्या बऱ्याच जणांची साखर त्या क्षणी मोजली तर व्यवस्थित निघते. म्हणून अंदाज बांधू नका, त्या वेळचा आकडा पाहा.

बी-१२ आणि डी जीवनसत्त्व

बी-१२ कमी झालं की मुंग्या येणं, विसरभोळेपणा, थकवा आणि मनाची अस्वस्थता होऊ शकते. यावरचं महत्त्वाचं काम आपल्याच राज्यात झालं आहे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या गावांतल्या मातांचा अभ्यास केला. त्यात सुमारे दोन तृतीयांश मातांमध्ये बी-१२ कमी आढळलं. शाकाहार हे त्याचं मोठं कारण आहे. पण मांसाहारी घरांनी निर्धास्त राहू नये. मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचं आणि अ‍ॅसिडिटीची गोळी रोज खाणाऱ्यांचंही बी-१२ उतरतं. साधारण २०० च्या खालचा आकडा कमतरता मानतात. औषध स्वस्त आहे.

डी जीवनसत्त्वाबद्दल मात्र स्पष्ट बोलायला हवं. चाळीतल्या अंधाऱ्या खोल्या, उन्हाशी कमी संबंध आणि अंग झाकणारे कपडे यामुळे आपल्याकडे ते कमी असणं सर्रास आहे. हाडं दुखत असतील तर उपचार जरूर घ्या. पण डीची गोळी घेतली की घबराहट जाईल, असा भरवशाचा पुरावा नाही. आणि आठवड्याला एक सांगितलेली ६०,००० युनिटची गोळी रोज खाल्ली तर रक्तातलं कॅल्शियम वाढून वेगळंच आजारपण मागे लागतं.

लॅबमध्ये न सापडणारा संशयित : हृदयाची लय

काही जणांचं हृदय मधूनच बटण दाबल्यासारखं एकदम १५० किंवा त्याहून जास्त वेगाने धावू लागतं आणि तसंच एकदम थांबतं. वैद्यकात याला एसव्हीटी म्हणतात. हा आजार रक्ततपासणीत दिसत नाही. दवाखान्यात पोहोचेपर्यंत झटका थांबलेला असतो, ईसीजी नॉर्मल येतो आणि माणसावर 'टेन्शन'चा शिक्का बसतो. १९९७ मध्ये अमेरिकेत अशा १०७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांतल्या निम्म्याहून जास्त जणांचा आजार पहिल्या तपासणीत ओळखलाच गेला नव्हता.

म्हणून नाडी मोजायला शिका. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं ठेवा आणि पूर्ण एक मिनिट मोजा. शांत बसलेल्या माणसाची नाडी साधारण ६० ते १०० असते. झटका आला तेव्हा किती होती, एकदम सुरू झाली की हळूहळू वाढली, हे लिहून डॉक्टरांना दाखवा. गरज वाटली तर ते चोवीस तास अंगावर लावायचं होल्टर मशीन सुचवतात.

आरोपी घरातच असू शकतो

कधीकधी घबराहटीचं कारण औषधाच्या डबीत किंवा चहाच्या कपात असतं. डॉक्टरांना पुढच्या गोष्टी न लपवता सांगा.

– दम्याचा पंप, सर्दीच्या गोळ्या, स्टेरॉईड. यांनी धडधड होऊ शकते.
– थायरॉईड कमी असल्याची गोळी गरजेपेक्षा जास्त होत असेल तर तिनेही हात थरथरतात.
– दिवसाला आठ-दहा कटिंग, एनर्जी ड्रिंक. परीक्षेच्या दिवसांत मुलं हे पितात आणि मग पेपरच्या आधी छाती धडधडते म्हणून रडतात.
– सिगारेट, गुटखा, मिश्री. निकोटीन नाडी वाढवतं आणि तलफ आली की बेचैनीही वाढवतं.
– झोपेची किंवा 'शांत होण्याची' गोळी. अल्प्राझोलामसारखी औषधं कायद्यात शेड्यूल एच-१ मध्ये येतात, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. सवय लागल्यावर ती अचानक बंद केली तर पहिल्यापेक्षा मोठी घबराहट होते, फिट्सही येऊ शकतात. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळूच कमी करावी लागते.
– टीबीची औषधं. आपल्या दाट वस्त्यांत टीबी नवा नाही. औषधांना दाद न देणाऱ्या टीबीत दिलं जाणारं सायक्लोसेरीन काही रुग्णांत बेचैनी, भीती, भ्रम निर्माण करतं. अशा वेळी औषध मनाने सोडू नका. त्याच दिवशी टीबी केंद्रात जाऊन सांगा, डोस किंवा औषध बदलता येतं.

दुर्मिळ आजार इंटरनेटवर शोधू नका

अ‍ॅड्रेनल ग्रंथीची एक गाठ असते, जिच्यामुळे झटक्यांत डोकं फुटल्यासारखं दुखतं, दरदरून घाम येतो, धडधड होते आणि बीपी खूप चढतं. तिच्यासाठी चोवीस तासांची लघवी किंवा रक्त तपासतात. हा आजार अत्यंत दुर्मिळ आहे. मोबाईलवर वाचून ही तपासणी स्वतःहून करून घेण्यात अर्थ नाही. डॉक्टरांना शंका आली तर ते सांगतील.

कुर्ल्यात तपासणी कुठे आणि कशी?

सुरुवात लॅबपासून करू नका, डॉक्टरपासून करा. बीपी, नाडी, वजन, गळ्याची तपासणी आणि दहा मिनिटांची नीट विचारपूस यातून निम्मं काम होतं. त्यानंतर बहुतेकांना एवढ्या तपासण्या पुरतात : सीबीसी, टीएसएच, साखर, गरजेनुसार फेरिटिन, बी-१२, कॅल्शियम आणि मूत्रपिंडाची तपासणी, आणि एक ईसीजी.

कुर्ला पश्चिमेला महापालिकेचं खान बहादूर भाभा रुग्णालय आहे. पुढच्याच स्टेशनवर सायनचं लोकमान्य टिळक रुग्णालय आहे. तिथे मेडिसिनचा विभाग आहे आणि मानसोपचाराचाही. महापालिकेने नोव्हेंबर २०२२ पासून सुरू केलेल्या 'आपला दवाखाना' केंद्रांत १४७ प्रकारच्या रक्ततपासण्या मोफत असल्याचं जाहीर केलेलं आहे. आपल्या वस्तीजवळच्या केंद्रात चौकशी करा. थायरॉईडचा आजार गुंतागुंतीचा निघाला तर परळला केईएम आहे आणि भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटरही आहे. ते १९६३ पासून थायरॉईडच्या रुग्णांवर काम करत आलं आहे.

खासगी लॅबमध्ये जाणार असाल तर दोन गोष्टी पाहा. एक, रिपोर्टवर पॅथॉलॉजीतल्या पदव्युत्तर डॉक्टरची सही आहे का? डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे आवश्यक असल्याचं मान्य केलं आहे. नुसत्या टेक्निशियनची सही चालत नाही. दोन, लॅबला एनएबीएलची मान्यता आहे का? आणि जुने सगळे रिपोर्ट एका फाईलमध्ये तारखेप्रमाणे लावून ठेवा.

मोठ्या पॅकेजचं गणित

'७० टेस्ट फक्त इतक्या रुपयांत' अशी पत्रकं आपल्या गल्लीगल्लीत वाटली जातात. घाबरलेल्या माणसाला ती फार मोहात पाडतात. पण यातलं गणित समजून घ्या.

कुठल्याही तपासणीची 'नॉर्मल' मर्यादा बहुतेकदा अशी ठरवतात की १०० निरोगी माणसांतली ९५ तिच्यात बसावीत. म्हणजे निरोगी असूनही ५ जण बाहेर पडणारच. आता एका निरोगी माणसाच्या २० वेगवेगळ्या तपासण्या केल्या, तर निदान एक तरी आकडा लाल अक्षरात येण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के होते. ६० तपासण्या केल्या तर ती ९५ टक्क्यांवर जाते. प्रत्यक्षात काही तपासण्या एकमेकींशी जोडलेल्या असतात, त्यामुळे आकडा थोडा कमी होईल, पण मुद्दा तोच राहतो. जितकं जास्त मोठं जाळं टाकाल, तितका कचरा जास्त अडकेल.

आणि मग काय होतं? आधीच घाबरलेला माणूस तो एक लाल आकडा मोबाईलवर शोधतो, रात्रभर जागतो, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या लॅबमध्ये जातो. एका रिक्षाचालक पालकांनी मला त्यांची फाईल दाखवली होती. एका वर्षात पाच वेळा फुल बॉडी चेकअप. प्रत्येक वेळी दोन दिवस बरं वाटायचं, तिसऱ्या दिवशी पुन्हा शंका यायची. मुलाची फी थकली होती. त्यांना सहाव्या चेकअपची नाही, वेगळ्या डॉक्टरची गरज होती.

रिपोर्ट नॉर्मल आला, आता?

ही या लेखातली सर्वात महत्त्वाची गोष्ट आहे. रिपोर्ट नॉर्मल येणं म्हणजे 'तुला काही झालेलं नाही, नाटक करतोस' असं नाही. घबराहटीच्या आजाराची रक्ततपासणी अजून तरी अस्तित्वात नाही. तो प्रश्न विचारूनच ओळखावा लागतो. त्यासाठी डॉक्टर जीएडी-७ नावाची सात प्रश्नांची प्रश्नावली वापरतात. गेल्या दोन आठवड्यांत काळजी, अस्वस्थता, चिडचिड किती दिवस होती यावर प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ गुण. एकूण २१ पैकी १० किंवा जास्त आले तर नीट तपासणी करून घ्यावी.

कधी कारण इतकं उघड असतं की लॅबची गरजच नसते. २६ जुलै २००५ च्या पुरात मिठीचं पाणी घरात शिरलेलं ज्यांनी पाहिलं, ९ डिसेंबर २०२४ च्या रात्री एस. जी. बर्वे मार्गावर बेस्टची बस गर्दीत घुसलेली ज्यांनी पाहिली, त्यांच्यापैकी कुणाची छाती आजही पाऊस कोसळताना किंवा बसचा हॉर्न ऐकून धडधडत असेल, तर ते टीएसएचमध्ये कसं दिसेल?

शरीर आणि मन यांचं हे नातं आपल्या परंपरेला अनोळखी नाही. अबू झैद अल-बल्खी (निधन ९३४) यांनी 'मसालिहुल अबदान वल अनफुस' या ग्रंथात शरीराच्या आणि मनाच्या आरोग्याचा एकत्र विचार केला. ज्या दुःखाचं कारण माणसाला माहीत असतं ते आणि ज्याचं कारण शरीरातूनच येतं ते, असा फरकही त्यांनी केला. हजार वर्षांपूर्वी आपले विद्वान दोन्ही बाजू पाहत होते. आज आपणच एक डोळा बंद का करावा?

उपचार आहेत. समुपदेशनाची एक पद्धत आहे, जिच्यात भीतीचे विचार ओळखून त्यांना हळूहळू सामोरं जायला शिकवतात. मानसोपचारतज्ज्ञ जी औषधं देतात, त्यांतली बहुतेक सवय लावणारी नसतात. पण त्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, म्हणून चार दिवसांत सोडू नका. झटक्याच्या वेळी भराभर श्वास घेतल्याने बोटांना मुंग्या येतात आणि भीती आणखी वाढते. तेव्हा चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, असं काही मिनिटं करा.

केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत हेल्पलाईन १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. नंबर आहे १४४१६. चोवीस तास, मराठीत आणि हिंदीतही बोलता येतं. 'लोग क्या कहेंगे' म्हणून दवाखान्यात जायला लाजणाऱ्यांसाठी ही चांगली सुरुवात आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीने दाखवून दिलं की मानसिक आजार असलेल्या बहुसंख्य भारतीयांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत.

केव्हा अजिबात थांबायचं नाही

छातीत दाब किंवा दुखणं जबड्यात, पाठीत, डाव्या हातात जाणं, बेशुद्ध पडणं, श्वास न घेता येणं, तोंड वाकडं होणं, एक हात-पाय लुळा पडणं, किंवा जीव नकोसा झाल्याचं बोलणं. यांपैकी काहीही असेल तर रिपोर्टची, सकाळची किंवा घरच्या कुणाची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने जवळचं हॉस्पिटल गाठा. पन्नाशीत पहिल्यांदाच अशी घबराहट सुरू झाली असेल, तर ती आधी शरीराची समजूनच तपासा.

घरात कुणी "दिल घबराता है" म्हणालं तर त्यांना वेडं ठरवू नका आणि लगेच मोठं पॅकेजही बुक करू नका. झटका कधी येतो, किती वेळ टिकतो, त्या वेळी नाडी किती होती, काय खाल्लं होतं, कोणती औषधं चालू आहेत, हे आठवडाभर एका वहीत लिहा. ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा. कारण रक्तात सापडलं तर उपचार करा. नाही सापडलं, तर मनाच्या डॉक्टरांकडे जाण्यात तितकीच इज्जत आहे जितकी हाडांच्या डॉक्टरांकडे जाण्यात.